शेजाऱ्याचं ‘येते’

रायस्वाइकला मुलाच्या शेजारी एक डच म्हातारा राहतो. उंच, ताठ, बोलायला कंजूष. मराठी एकच शब्द येतो त्याला. निघताना म्हणतो, “येते!” माझ्या बायकोच्या तोंडून ऐकून शिकला, म्हणून बाईसारखं बोलतो.

ती गेल्यापासून मी घरात बसून होतो. परवा यानेच आम्हा सगळ्यांना लायडन फिरवलं. प्रत्येक पुलावर न सांगता माझा दंड धरायचा. संध्याकाळी आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, “येते!”

नात फिदीफिदी हसली. मुलगा त्याला इंग्रजीत समजवायला लागला, की पुरुषानं ‘येतो’ म्हणायचं.

मी मुलाला म्हणालो, “गप रे. तिचा शब्द आहे तो. राहू दे तसाच.”

मग म्हाताऱ्याचा हात धरून म्हणालो, “या हं. नक्की या.”