दगडातलं पान

सहावीत असताना शाळेनं आम्हाला नागपूरच्या म्युझियममध्ये नेलं. राजूरहून बस सुटल्या सुटल्या मॅडमनी बजावलं, प्रत्येकानं तिथली एकच वस्तू निवडायची आणि त्या एका वस्तूवर सगळ्या विषयांची वही भरायची. गणित, विज्ञान, मराठी, चित्रकला, सगळं त्यातूनच काढायचं.

पोरांनी तलवारी निवडल्या, पोरींनी दागिने. मी निवडला एक काळपट दगड. त्यावर पान उमटलेलं होतं, जिभेच्या आकाराचं, लांबट, मधोमध एक शीर. पाटीवर लिहिलं होतं की हे पान कोळशाच्या काळातलं. तिथल्या माहिती देणाऱ्या काकांनी सांगितलं, "या पानाच्या काळात जगात एकही फूल नव्हतं. फुलझाडं फार नंतर आली." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते तळहातावर लिहून घेतलं.

कोळसा म्हणजे तर आमच्या घरचाच मामला. बाबा खाणीत कामाला. रोज संध्याकाळी चहा बशीत ओतत ते खालच्या गोष्टी सांगायचे. छतातून टपकणारं पाणी, दिवा विझवला की स्वतःचा हातही दिसू नये असा अंधार, छत कोसळायच्या आधी उंदीर पळाले की त्यांच्या मागे पळणारी माणसं. परतीच्या बसमध्ये मी ऐटीत सांगून टाकलं, "माह्ये बाबा रोज जमिनीखाली जाते. थे मले असं पान आनून देतीन." मागच्या सीटवरच्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. जळतात मेल्या, असं मी समजले.

घरी पोचले तेव्हा डोळे मिटत होते. बाबांना एवढंच म्हटलं, "कोळशाच्या दगडात पान असते. तुमाले दिसलं तर माह्यासाठी आना न."

"आनतो न माय. त्यात काय!"

चौथ्या दिवशी त्यांनी दुपट्ट्यात बांधून दगड आणला. चपटा, काळा, आणि त्यावर खरंच पान. मी घरभर नाचले. दगडाला खोबरेल तेलाचा वास येत होता, पण तिकडे लक्ष द्यायला मला फुरसत कुठे होती!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि वही भरायला बसले. पहिल्या पानावर म्युझियममधलं पान आठवून काढलं. मग आमचा दगड घेतला. पट्टीनं पानाची लांबी-रुंदी मोजली, चौकटीच्या कागदावर क्षेत्रफळ काढलं. चित्रकलेसाठी दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा उमटला, तशी एका जागी रेघ पानाच्या बाहेर गेलेली दिसली, गिरवताना हात घसरावा तशी. पानाची कड दातेरी होती. असं पान मी रोज बघत होते, पण कुठे, ते आठवेना. शेजारी मराठीचा निबंध उघडा पडला होता. त्यात मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'तेव्हा जगात एकही फूल नव्हतं.'

आमच्या क्वार्टरच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात जास्वंद लावलेली होती. उठले, एक पान तोडलं आणि दगडावर ठेवलं. कडेला कड जुळली.

बाबा कामावरून येऊन चहाला बसले तशी मी दोन्ही पानं पुढे धरली. "हे तं जास्वंदीचं हाय. काहून कोरलं?"

बाबा हसले. "अवो, खालीबी असन एखादी जास्वंद."

आई आतून म्हणाली, "सांगून टाका न आता. कायले पोरीले फसवून राह्यले?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "मी खाली जातच नाही, बाई. छातीचं झालं, डॉक्टरनं मना केलं. मांगच्या दिवाळीपासून लॅम्प रूममधी बसतो. खाली जानाऱ्याइले दिवे देतो, वर आले का वापस घेतो."

दगडाचं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण दिवाळीपासून रोज संध्याकाळी मी तोंडाचा आ वासून त्या गोष्टी ऐकत होते. कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही खरं ठाऊक होतं. बसमधल्या दोघींना होतं, आईला होतं. माझ्याच घरात मला वेड्यात काढलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही. वही बाबांच्या हाती लागू नये म्हणून उशाखाली घेऊन झोपले आणि सकाळी थेट मॅडमना नेऊन दिली.

आठवड्यानं शाळेत प्रदर्शन भरलं. वह्या तपासायला मॅडमच्या कपाटात होत्या, टेबलावर फक्त वस्तू आणि चिठ्ठ्या. मी दगड मांडला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'जास्वंदीचं पान. माझ्या बाबांनी कोरलं. माझे बाबा खाणीत खाली जात नाहीत.' खरं लिहायचं म्हणून लिहिलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्यांना चारचौघांत चटका द्यायचा होता.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चिठ्ठी त्यांनी सावकाश वाचली. मॅडम अवघडून गेल्या.

"बरोबर लिवलं तिनं," बाबा म्हणाले.

घरी येताना दगड त्यांच्याच हातात होता. रेल्वे फाटक बंद होतं, तिथे उभं राहून ते म्हणाले, "खाली एकडाव खरंच दिसलतं पान. छतात. पन थे जिभीसारखं होतं, लांबट, मधात एक शीर. म्हनलं, असं बेढब पान पोरीले काय आवडन! म्हून जास्वंदीचं काढलं."

"माह्या वहीत पाह्यलं असन तुमी," मी म्हणाले.

फाटक उघडलं, आम्ही चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वह्या वाटल्या. मला पैकीच्या पैकी गुण होते. पहिलंच पान उघडलं आणि ते जिभेसारखं पान समोर आलं. ही वही मी बाबांना दिसूच दिली नव्हती. आणि त्या पानाचा आकार तर मी त्यांना तोंडानंही सांगितला नव्हता.

संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "बाबा, थे छतातलं पान कुठं दिसलतं?"

ते चहा बशीत ओतत होते. "याद नाही, बाई," ते म्हणाले.