गळका व्हॉल्व्ह

सकाळी बायको, रेवा, गिझरचं बटण दाबते, तो खटका सारंगला झोपेतच ऐकू येतो. "पाणी तापलं की मी जातेय आंघोळीला, उठ आता," ती म्हणते. सारंग कूस बदलतो. डोळा पुरता मिटलेला नाही, उघडाही नाही. तेवढ्या फटीतून तो थेट मंगल कार्यालयात पोचतो.

बोहल्यावर गिझर बसलाय. मुंडावळ्या बांधलेला. नवरी कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. वऱ्हाड टॉवेल गुंडाळून रांगेत उभं आहे आणि सगळ्यांत पुढे, हातात हिरवा मग घेऊन, कुमुदआत्या. सारंगला लहानाचं मोठं केलेली. यंदा माघात गेलेली.

"आत्या, तू तर..."

"माहितीये. मी होते ना तिथे." ती गिझरकडे बोट करते. "नवरदेवाचं तोंड कोणी बांधलं?"

गिझरचं पोट टम्म फुगलंय. खाली सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात गळती बुजवायच्या सीलचा करडा गोळा. सारंगनेच गेल्या आठवड्यात कोंबलेला. वर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे, तेव्हा नाकारायची सोय नाही.

"सारखा गळत होता गं."

"झिजला तर बदलायचा असतो, सारंग्या. बुजवतात होय? आतला दाब जाणार कुठे? टाकी फुटेल. मी खाली मग ठेवायचे, कढीपत्त्याला घालायचे ते पाणी."

"कढीपत्ता वाळला."

"बघितलं. त्यावर नंतर बोलू."

रांग पुढे सरकते ती हॉस्पिटलच्या खोलीत. आत्या खाटेवर आहे. गिझर सलाइनच्या स्टँडला टांगलाय आणि नळीतून थेंब पडत नाहीये. सारंग टक लावून बघतोय, माघात बघत होता तसाच.

"टपटप ऐकवेना म्हणून बुजवलंस ना?"

सारंग चादरीची सुरकुती नीट करतो.

"मी काही थेंब थांबला म्हणून गेले नाही रे," आत्या म्हणते. "पण आता आत कोण जातंय ते बघ."

लाउडस्पीकर खरखरतो. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. दारातून रेवा येते, खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. गिझर गुरगुरतो. वऱ्हाड अक्षता उचलतं. सारंग झेप घेतो, गोळ्यात नखं रुतवतो आणि ओढतो.

तो जागा होतो तो धावतच. बटण बंद करतो. बाथरूमच्या दारात रेवा उभी आहे, खांद्यावर टॉवेल.

"काय झालं रे?"

आत टप वाजतं. मग पुन्हा टप.

"हा परत गळायला लागला," रेवा म्हणते.

सारंग मूठ उघडतो. तळहातावर करडा गोळा आहे, कोमट, अंगठ्याच्या ठशासकट.

"गळू दे. आज नवा व्हॉल्व्ह आणतो," तो म्हणतो. "आत्याचा हिरवा मग कुठे ठेवलायस?"