विचुंब्याचा बिनसावलीचा खांब

मला त्या शिल्पकार बाईंनी फसवलं. निदान त्या मे महिन्यात मी तसंच सांगत फिरत होतो. आता तेवढी खात्री वाटत नाही. पण फसवलं कोणीतरी, एवढं नक्की.

पनवेलजवळच्या विचुंब्यात, नव्या इमारतींमधल्या बागेत बाईंना दहा फुटांचा लोखंडी खांब हवा होता. वर्षातून दोनच दिवस सूर्य पनवेलच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या घटकेला सरळ उभ्या वस्तूला सावली उरत नाही. लोकांनी ते उघड्यावर येऊन बघावं म्हणून हे शिल्प. पाइपाच्या जाडीवरून मी तासभर घासाघीस केली, सरळपणावर मात्र एक शब्द बोललो नाही. जिना असो की गेट, माझं काम ओळंब्यात असतं. त्याच एका गोष्टीवर मी फूटपाथवरून स्वतःच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये आलो.

मेमधल्या त्या दिवशी अर्धं गाव जमलं. बारा वाजले. खांबाची सावली दीड फूट, पश्चिमेला पसरलेली.

"शेट, खांब कलला वाटतं," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. गाडीतून पाना आणला आणि तळाच्या प्लेटचे नट सैल करायला बसलो. बाई मंडपातून धावत आल्या.

"काका, थांबा, अजून वेळ झाली नाही!"

"बारा वाजून गेले! घड्याळ कळतं मला."

खांब पूर्वेला रेलत नेला. सावली आखडत बुडाशी आली, टाळ्या पडल्या. मी नट आवळले.

थोड्या वेळाने खांबाच्या दुसऱ्या अंगाला सावली फुटली. बारा पस्तीसला बाईंनी जमिनीवर पाण्याची बाटली उभी केली. तिला सावलीच नव्हती. लोक आपापल्या पायांशी बघायला लागले. माझ्या खांबाची सावली तेवढी लांब आडवी पडलेली.

"आमची गेली, तुमच्या खांबाची नाय गेली!" तोच म्हातारा.

बाईंनी दिलेल्या कार्यक्रमाच्या कागदावर बारा पस्तीस लिहिलं होतं, नाकारत नाही. मला वाटलं, भाषणं लांबतात म्हणून ठेवलेली सवड. आपल्याकडे कार्यक्रमाची वेळ कोण खरी धरतो? नंतर त्यांनी समजावलं: घड्याळ साऱ्या देशाचं एक, पण सूर्य पूर्वेकडच्यांच्या माथ्यावर आधी येतो, आपल्याकडे मागाहून. ऐकलं. पटलं का, सांगता येत नाही. पटवून घ्यावं, तर सरळ खांब मीच वाकडा केला असं ठरतं.

दुसऱ्या दिवशी ओळंबा लावून तो पुन्हा सरळ केला. ते बघायला कोणी नव्हतं. शेजारच्या नव्या इमारतीच्या जिन्याचं काम दुसऱ्याकडे गेलं.

बाई, तुम्ही मला थांबा म्हणालात, मान्य. पण खांब सरळच आहे, हे तीन शब्द त्या गर्दीला का नाही ऐकवलेत? याचं उत्तर मला हवंय, आणि ते त्याच बागेत, सगळ्यांसमोर.