गाडीचा एसी आणि ‘तिला म्हणावं’

आमच्या सेकंडहँड जपानी गाडीचा एसी ऐन जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात गेला. बटण दाबलं की बॉनेटखालून अशी किंकाळी यायची की हॅमिल्टनमधल्या आमच्या रोटोटुना उपनगराच्या शांत गल्लीत लोक पडदे बाजूला करून बघायचे. गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसर जाम झाल्याचं सांगितलं आणि दुरुस्तीपेक्षा गाडीच बदला असंही सुचवलं. मला रागच आला. मी मेकॅनिकल इंजिनिअर, दिवसभर दुधाच्या फॅक्टरीतले पंप सांभाळते, आणि स्वतःच्या गाडीपुढे हात टेकायचे?

शिवाय गरज खरी होती. सासू-सासरे सोलापूरहून राहायला आले होते. सोलापूरकरांना हॅमिल्टनचा उन्हाळा म्हणजे थट्टाच, पण इथल्या गवताचे पराग सासूबाईंच्या नाकात गेले की शिंका थांबायच्या नाहीत. म्हणून काचा उघडायची सोय नाही, आणि बंद काचांत त्यांना मळमळायचं. परत जाण्याआधी त्यांना टाउपोचं तळं तर दाखवायचं होतं.

आणि मला आणखी एक गोष्ट हवी होती. सासऱ्यांनी जाण्याआधी एकदा तरी माझ्याशी सरळ बोलावं. आमचं लग्न जातीबाहेरचं. रजिस्टर ऑफिसात सासूबाई आल्या, सासरे आले नाहीत. तेव्हापासून सहा वर्षं त्यांचं माझ्याशी सगळं बोलणं सासूबाईंमार्फत. ‘तिला म्हणावं, चहा छान झालाय.’ मी समोर कप घेऊन उभी, आणि माझं कौतुक असं वळसा घालून यायचं. लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं, आमच्याकडे बायको बोले सुने लागे. त्यांचा राग अजून गेलेला नाही, अशी मी समजूत करून घेतली होती. पण वाईट वाटायचं ते वाटायचंच.

नवरा त्या आठवड्यात कामासाठी वेलिंग्टनला होता. मी रजा टाकली. एसीतला उरलेला गॅस घरी हवेत सोडायचा नसतो, म्हणून तो आदल्या दिवशी एसीवाल्याकडे जाऊन काढून घेतला. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या यार्डातून तसाच एक कॉम्प्रेसर आणला आणि सकाळी कारपोर्टमध्ये गाडी स्टँडवर चढवली. सासरे, निवृत्त गणिताचे मास्तर, नवऱ्याने जाण्याआधी ऑफिसातून छापून आणलेला मराठी पेपर वाचत बसले होते. सासूबाईंनी तो ओढून घेतला. सून गाडीखाली आणि तुम्ही अग्रलेख वाचताय, हे शोभतं का, असं विचारत त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि स्वतः आमच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या.

काम मजेत चाललं. मी पट्टा सैल केला, नळ्या सोडवल्या, बोल्ट काढू लागले. ‘तिला म्हणावं, बोल्ट वाटीत ठेवावेत.’ सासूबाई ते मला सांगायच्या, मी बरं म्हणायचे, आणि माझं बरंसुद्धा त्या इमानाने परत पोचवायच्या. दोन हातांच्या अंतरावर आमचं टेलिफोन एक्स्चेंज जोरात चालू होतं. जुना कॉम्प्रेसर निघाला, दुसरा बसला. तेवढ्यात एक्स्चेंजलाच डुलकी येऊ लागली, आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

आता नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. नळीच्या टोकावर नवी रबरी रिंग चढवली, तिला तेलाचं बोट लावलं, नळी जागेवर नेली. सासरे खाकरले. मी लक्ष दिलं नाही. ते पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने. घशात धूळ गेली असेल म्हणून मी त्यांना पाणी प्यायला सुचवलं. टॉर्च हलला आणि निघूनच गेला. मी हातात पाना धरून अंधारात पडून राहिले.

थोड्या वेळाने सासूबाईंची पावलं दिसली, पाठोपाठ झोपाळलेला आवाज आला.

“अगं, हे म्हणतायत, आत जुनी रिंग तशीच राहिलीय.”

मी कॉम्प्रेसरच्या तोंडात बोट घालून पाहिलं. होती. मोडीतल्या कॉम्प्रेसरबरोबरच आलेली, काळ्या तेलात काळी रिंग. एकीवर एक अशा दोन बसल्या असत्या, तर भरलेला गॅस हळूहळू निसटून गेला असता आणि सगळी मेहनत पाण्यात. खरं तर मी आभार मानायला हवे होते. पण माझं डोकं फिरलं. झोपलेल्या बाईला उठवून आणतील, पण वाकून दोन शब्द बोलणार नाहीत. मी सरपटत बाहेर आले.

“बाबा, अजून इतका राग आहे माझ्यावर?”

सासूबाई सवयीने ते पोचवायला त्यांच्याकडे वळल्या. सासऱ्यांनी हातानेच त्यांना थांबवलं. टॉर्च बंद केला, पुन्हा लावला.

“राग नाही,” ते टॉर्चकडे बघत म्हणाले. “लग्नाला मी आलो नाही. आणि इथे तू मला गरम पोळी वाढतेस. कुठल्या तोंडाने बोलू तुझ्याशी?”

ज्याला मी इतकी वर्षं राग समजत होते, ती लाज होती. मला रडूच आलं, आणि दोन्ही हातांना ग्रीस असल्याने डोळे पुसायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, आता बोललाच आहात तर टॉर्च जरा डावीकडे धरा.

सासूबाई तिथेच घुटमळत होत्या.

“तू जा, झोप,” सासरे त्यांना म्हणाले, आणि गुडघे धरत माझ्या शेजारी काँक्रीटवर बसले. “आम्ही दोघं बघतो.”