कलाची बोटं घेऊन बीडला

तेलगावच्या थांब्यावर एसटी आली, तेव्हा मी तिच्या पायरीकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिले. चोवीस वर्षांची असताना मी याच रस्त्यावर चालत्या गाडीतून उडी मारून उतरत असे, पदर खोचून. आणि उतरल्यावर कोणी पाहतंय का म्हणून वळून बघत असे. कोणी पाहत नसे. एकदा एका म्हशीने पाहिलं, कारण मी तिच्याच अंगावर पडले होते. आता एकाहत्तराव्या वर्षी तीच पायरी मला कळसूबाईसारखी दिसते.

"आज्जी, कावून (का) थांबल्या? चढा की!" कंडक्टर म्हणाला.

"दोन्ही गुडघ्यांचं एकमत व्हायचंय, बाबा. झालं की चढते."

मागच्या बाईने खालून एक धक्का दिला, कंडक्टरने वरून हात ओढला आणि मी ज्वारीच्या पोत्यासारखी आत पडले. असा माझा प्रवास सुरू झाला.

मी निघाले होते सिरसाळ्याला, नणंदेकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा ही कला नऊ वर्षांची होती. आता साठी ओलांडलीय, तरी मला अजून त्याच सुरात "वैनी" म्हणते. परळीच्या रस्त्यावर तिच्या मुलाची छोटी खानावळ आहे. पाटीवर लिहिलंय, 'कलामावशीच्या हातची थापलेली भाकरी'. दोन महिन्यांपूर्वी ती तेलगावला आली, तेव्हा चहाचा कप तिला एका हाताने धरता येईना. दोन्ही तळव्यांत कप धरून ती लहान मुलासारखी प्यायली. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सारखीच सुजलेली होती. मी तेव्हाच ठरवलं की हिला बीडला न्यायचं, सांध्यांच्या डॉक्टरकडे.

ठरवण्यामागे थोडी टोचणीही होती. माझ्या गुडघ्यांसाठी मला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यातली अर्धी पट्टी मी दोन वर्षं सिरसाळ्याकडे जाणाऱ्या कोणाच्याही हाती कलाला पाठवत होते. आमच्याकडे गोळ्या लोणच्यासारख्या फिरतात. एका घरी बरणी उघडली की वाटीभर शेजारी जातंच. दुखणं सांध्याचं, गोळी सांध्याची, मग बिघडलं कुठे? छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची ही अक्कल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मधूनच उसाचा हिरवा पट्टा, मधूनच पिवळ्या फुलांची तूर. सिरसाळ्यात उतरले तेव्हा कला खानावळीच्या दारात उभी होती, आणि चक्क टवटवीत.

"जय भीम, वैनी! या, आधी जेवा."

ताटात येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, मराठवाड्याची खासियत), ठेचा, कांदा आणि भाकरी. आमटी अशी झणझणीत की कानातून वाफ निघाली. पण भाकरीकडे मी बघतच राहिले. ती फारच गोल होती. भूमितीच्या तासाला फळ्यावर काढावी तशी. थापलेल्या भाकरीच्या कडेला बोटांच्या खुणा असतात, हिच्या कडेला काहीच नव्हतं. मी ताट बाजूला सारून मागच्या खोलीत गेले. तिथे ओट्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्याच्याखाली लपवलेलं लाटणं.

कला माझ्या मागोमाग आली नि दार लोटून घेतलं.

"वैनी, कुणाला बोलू नका. पोराला बी ठाऊक न्हाई. पाटीवर थापलेली लिवलंय."

"किती दिवस?"

"सहा म्हैनं झालं. पर आता मी बरी हाय. एकानं पुडी दिली, रोज सकाळी पाण्यातून घेते. लई गुण हाय बगा तिला! दवाखाना कावून?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा गोल झाला होता, पौर्णिमेच्या चंद्रासारखा. मला आधी वाटलं होतं, बाई सुखाने फुगली.

"बरी आहेस ना? मग थाप एक भाकरी. माझ्यासमोर."

ती हसली. परातीत पीठ घेतलं, गोळा मळला, पहिली थाप दिली. दुसरी दिली. तिसऱ्या थापेला तिने खालचा ओठ दातांत धरला. भाकरी एका बाजूने फाटली आणि तिचा नकाशा झाला, कोकणासकट. कलाने पीठभरल्या मनगटाने डोळे पुसले.

"ह्यो हातच माझा गेला तर मी काय करू, वैनी?" मग नाक ओढून म्हणाली, "एसटी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बीडची गाडी धरली. ही गाडी परत तेलगाववरूनच जाते. म्हणजे माझ्याच घरासमोरून मी पाहुण्यासारखी जाणार होते. चढताना मात्र नवीच युक्ती सापडली. कलाला दांडा धरवत नव्हता, मला गुडघा उचलवत नव्हता. ती पुढे चढली, मी मागून तिच्या कमरेला धरलं. तिचे पाय नि माझे हात मिळून एक धड बाई तयार झाली.

"एक तिकीट की दोन?" कंडक्टरने विचारलं.

"एकाच बाईचं घे. सुटे भाग दोन हायत," कला म्हणाली. एसटी हसली.

बसायला जागा मिळाल्यावर कलाला जुनं आठवलं. "तुमी माझ्या आईची लई नक्कल करायच्या. ती जमिनीवरनं उठायची, एक हात भिंतीला, एक कमरेला..."

खरं होतं ते. मला वाटायचं, सासूबाई कामं टाळायला ढोंग करतात. त्या पाठमोऱ्या झाल्या की मी त्यांच्यासारखी "आई गंऽऽ" करत उठायचे आणि ही नऊ वर्षांची पोरगी खिदळायची. आता ती नक्कल मी रोज सकाळी करते, न चुकता, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी हुबेहूब.

पुढच्या बाकावरचे एक फेटेवाले काका आमचं बोलणं ऐकून वळले. "बाई, एवढ्या लांब कशाला जाता? बिब्बा लावा!"

बिब्बा हे रानफळ. त्याचं तेल कातडीला लागलं की कातडी भाजून निघते. मी काकांना माझी हकिकत सांगितली. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघा दुखायला लागला, तेव्हा मी हौसेने बिब्बा लावला. गुडघ्यावर पापडासारखा फोड आला. शाळेत सांगितलं, कुकर सांडला. महिनाभर लंगडले.

"मग गुडघा राहिला का नाही?" काकांनी विचारलं.

"राहिला की, होता तिथंच. दुखत."

वडवणीच्या थांब्यावर सीताफळं घेतली. कलाला फळ फोडवत नव्हतं. मी फोडून तिच्या ओंजळीत गर दिला. डावीकडे दूर बालाघाटचे डोंगर निळसर दिसत होते. बिया खिडकीबाहेर टाकता टाकता ती हळूच म्हणाली, "वैनी, डॉक्टरनं हात कापायला सांगितला तर?" मी म्हणाले, "मग तुझी जीभ आधी कापायला सांगेन." आणि तिच्यासाठी आणखी एक सीताफळ फोडलं.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कलाची पेरं एकेक करून हलकेच दाबली.

"मावशी, सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"दूध तापतं, अंगण झाडून होतं, पोरं साळंत जात्यात... तवर मूठ वळत न्हाई."

"आणि आजी, तुमचे गुडघे?"

"दहा पावलांत सुटतात. पण दिवसभर चाललं की संध्याकाळी बोंबलतात."

"तुमची झीज आहे," त्या मला म्हणाल्या. "वयाने आणि वापराने सांध्यातली गादी विरते. मावशींचा संधिवात वेगळा दिसतोय. शरीराची राखण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर धावून जाते. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसं. दुखणं दाबलं तरी ते आतून चावत राहतं."

मी तोंड उघडलं. छत्तीस वर्षं मुलांकडून चुका कबूल करून घेतल्या, आज पाळी माझी होती. "बाई, हिला माझ्या गोळ्या मी देत होते. दोन वर्षं."

त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. नुसतं म्हणाल्या, "त्यांनी दुखणं झाकलं, आजार तसाच राहिला. शिवाय रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास. तेही तपासू." मग पुडी बघितली, कलाचा चेहरा बघितला. पुडीत बहुधा स्टेरॉइड आहे, चेहराही त्यानेच फुगलाय, म्हणाल्या. "पण ही आज एकदम फेकायची नाही, तेही धोक्याचं. मी माझ्या गोळीवर आणून हळूहळू कमी करते."

रक्त दिलं, हातांचे फोटो काढले. अहवाल येईपर्यंत बाहेरच्या गाड्यावर भजी खाल्ली. संशय खरा निघाला. दोन बोटं किंचित वाकली होती, ती आता सरळ व्हायची नव्हती. बाकीची आठ वाचवता येतील, म्हणाल्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे, कदाचित दोन-तीन महिने. मधूनमधून रक्त तपासायचं.

"ही मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही, चुकूनही नाही. कुठला वार तुम्ही कधीच विसरत नाही?"

"बाजाराचा," कला लगेच म्हणाली.

"मग गोळी बाजाराच्या दिवशी."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आजी, काठी कुठंय?"

"घरी आहे. साप मारायला."

"ती हातात घ्या. उजवा गुडघा जास्त दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे. मांडीला ताकद आली की गुडघ्याचं ओझं हलकं होतं." कला पदराआड हसत होती. मला शिक्षा झाली की तिला लहानपणापासून आनंद होतो.

परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांमागे एसटी मुंगीसारखी सरकत होती. मी तेलगावला उतरले नाही, सिरसाळ्यापर्यंत गेले. तिथे कलाने मुलाला समोर बसवलं, लाटणं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माझे हात आजारी हायत. बरं होईस्तवर भाकरी लाटूनच व्हईल. पाटी बदल." मुलगा आईच्या बोटांकडे बघत राहिला. बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी तो उठला नाही.

घरी आल्यावर मी गोळ्यांची पेटी आवरली. शेजारची रखमा अर्ध्या पट्टीसाठी आली, तिला गोळी दिली नाही. बसवून विचारलं, "सकाळी किती वेळ आखडतं?" एवढं एक विचारायला मला दोन वर्षं उशीर झाला होता. गुडघे माझे, म्हणून सगळ्यांची दुखणी माझ्यासारखीच असणार, असं मी धरून चालले होते. त्या चालण्याची किंमत कलाच्या दोन बोटांनी दिली. हे लिहिताना हसू येत नाही, आणि येऊही नये.

परवा, तीन महिन्यांनी, तिचा फोन आला.

"वैनी, आज उठले आन् थेट कामाला लागले. हात आखडला न्हाई, हे दुपारी ध्यानात आलं!"

"मग आता डॉक्टरीणबाईंकडे जायला नको म्हणशील?"

"कावून नको? बरं वाटतंय म्हणून गोळी सोडून आपणच डॉक्टर व्हाया मी काय तुमच्यावानी मास्तरीण हाय?"