वहीतला पिवळा नर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सकाळी फिरायला सोबत येणाऱ्या मैत्रिणींना तर नाहीच. माझ्या घरात प्रत्येक गोष्टीची यादी असते — किराण्याची, गोळ्यांची, प्रवासाच्या बॅगेत काय भरायचं त्याची. फ्रिजच्या दारावर, कपाटात आतून, मोबाइलमध्ये. ही गोष्ट मात्र कुठल्याच यादीत नाही. म्हणजे — आहे. पक्ष्यांच्या वहीत एका ओळीत आहे. पण ती ओळ खोटी आहे.

कुठून सुरुवात करू? पक्ष्यांपासूनच करते. तेवढाच धीर येईल.

मी चिखलीला राहते. दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते आणि गेली बारा वर्षं बजी पाळते. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. आधी मी दुरुस्त करायची, आता सोडून दिलं. मागच्या गॅलरीत सहा पिंजरे, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येक जोडीला वहीत एक पान. अमडापूर, मेहकर, कुठूनकुठून माणसं मला फोटो पाठवतात — ताई, हा नर का मादी? हा रंग कोणता म्हणायचा? चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती एक मऊ पट्टी असते, तिच्या रंगावरून ओळखायचं. मोठ्या नराची निळी, मादीची तपकिरी. एवढं कुणालाही जमतं. पिल्लांचं तसं नसतं. त्यांची पट्टी गुलाबी, जांभळट, फिकट, रोज वेगळी वाटते. आणि पिवळ्या, लाल डोळ्यांच्या पिल्लात तर जुनी पाळणारी माणसंही फसतात, कारण त्या रंगाच्या नराची पट्टी मोठेपणीही निळी होत नाही, गुलाबीच राहते. म्हणून मी एक नियम केला होता आणि पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठवत असे: पिल्लू तीनदा बघा, आठ-आठ दिवसांनी, सकाळच्या उजेडात. तोवर काही बोलू नका.

माझ्या घरापासून तीन घरं सोडून नसीमआपा राहतात. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, एकट्या, शिवणकाम करतात. मशीनच्या वर भिंतीला एक फळी, फळीला खिळे आणि खिळ्यांना गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या. ओळखू यावी म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या कापडाची चिंधी. माझ्या किल्लीला माझ्याच ब्लाउजची, जांभळी. कुणी गावाला गेलं की किल्ली आपांकडे. झाडांना पाणी, दूधवाल्याला निरोप, गॅसवाला आला तर दार उघडून देणं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नसे. आपांनाही नाही. पण त्या फळीकडे त्या कशा बघायच्या, ते मला माहीत होतं.

त्या हिवाळ्यात माझ्या एका हिरव्या जोडीला चार पिल्लं झाली. त्यांतल्या एकाचे मिटलेले डोळे कातडीखालून लालसर दिसत होते. म्हणजे ते पिवळं होणार. या पिल्लाची मी दोन वर्षं वाट पाहिली होती. आठव्या दिवशी पायात क्रमांकाची कडी घालायची असते. एकदा घातली की पिल्लू जन्मभर ओळखू येतं. सहाव्या दिवशी अकोल्याहून जावयांचा फोन आला. मुलीचे दिवस भरायला तीन आठवडे होते, पण कळा सुरू झाल्या होत्या. मी आणि हे तासाभरात निघालो. कड्या डबीतच राहिल्या. दारात आपांच्या हातात यादी दिली — राळा किती, बाजरी किती, पाणी कधी बदलायचं, पिल्लांच्या घरट्याच्या मडक्यात हात घालायचा नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही पोरीचं पाहा, पाखरांचं मी पाहते.

परत आले ती पाच आठवड्यांनी. चारही पिल्लं मडक्याबाहेर, गुटगुटीत, आपापले दाणे टिपणारी. पिवळं तर पिकल्या लिंबासारखं. संध्याकाळ झाली होती, एसटीच्या प्रवासाने अंग मोडलं होतं. तरी बॅग ठेवून आधी गॅलरीत गेले, ट्यूब लावली, पिल्लू हातात धरलं. नाकावरची पट्टी गुलाबी-जांभळी, एकसारखी, मादी पिल्लाला असतं तसं नाकपुडीभोवती पांढरं कडं नाही. नर.

आणि इथेच काहीतरी चुकत होतं. का, ते कळायला एवढं एकच गणित समजून घ्या. हिरव्या नराच्या रक्तात पिवळा रंग दडलेला असेल आणि मादी साधी हिरवी असेल, तर त्यांची हिरवी पिल्लं नर निघतात, मादीही निघतात. पण पिवळं निघालं तर ती मादीच. त्या जोडीला पिवळा नर होऊच शकत नाही. मग माझ्या हातातला हा नर आला कुठून?

उत्तर मला दोन मिनिटांत सापडलं. आपांचा भाऊ देऊळघाटला असतो, आठवडी बाजारात पक्षी विकतो. माझं पिल्लू मेलं असणार, आपा घाबरल्या असणार, भावाकडून तसंच एक आणून पिंजऱ्यात सोडलं असणार. पायात कडी नाही, मग कळणार कुणाला? सगळं कसं जागच्या जागी बसलं. मला जागच्या जागी बसलेल्या गोष्टी आवडतात.

आपलं बघणं चुकलं असेल, असं वाटलं का? नाही. एकदाही नाही. तीनदा बघा, सकाळी बघा म्हणून लोकांना बजावणाऱ्या बाईने एकदाच बघितलं, ट्यूबच्या उजेडात, आणि एका माणसाचा निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी आपांकडे गेले. पिल्लांना मध्ये काही झालं होतं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, चारच्या चार तशीच आहेत. मी म्हटलं, एखादं गेलं असलं तर तसं सांगायचं, मी काय रागावले असते का? त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, तुमी काय म्हणून राह्यल्या, मले समजलं नाही." मग मी समजावून सांगितलं. हिरवा नर, हिरवी मादी, पिवळं पिल्लू — बोटं मोजत, वर्गात शिकवावं तसं. त्या ऐकत राहिल्या. शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. जे आपल्याला कळत नाही त्याला उत्तर काय देणार? मी त्या गप्प बसण्याला कबुली समजले. निघताना म्हटलं, जावई येणार आहेत, माझी किल्ली द्या. त्यांनी खिळ्यावरून काढून दिली. चिंधीसकट.

ती किल्ली मी समोरच्या शिंदे वहिनींकडे ठेवायला नेली. वहिनींनी विचारलं, "काऊन वं ताई, आपाकडे नाही ठेवत?" मी म्हटलं, "पिवळं पिल्लू बदललं गेलं." बदललं गेलं. कुणी बदललं, हे मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती — वहिनींनी भुवया उचलल्या आणि मी मान खाली घातली. तेवढंच.

महिना-दीड महिन्यात ती फळी रिकामी झाली. भांडण कुणीच केलं नाही. एकीने नवीन कुलूप आणलं, एकीचा दीर राहायला आला, एकीला बँकेच्या लॉकरची किल्लीही त्याच जुडग्यात असल्याचं अचानक आठवलं. ज्या बायका आपांकडे कापड टाकून निघून जायच्या, त्या आता उरलेला तुकडा मागू लागल्या, आणि तो टेपने मोजून घेऊ लागल्या. हे मी माझ्या खिडकीतून बघत होते. मला वाईट वाटत होतं का? खरं सांगते — तेव्हा नाही. तेव्हा वाटत होतं की मी फार सभ्यपणे वागले, चारचौघांत नाव घेतलं नाही.

आणखी एक आहे, तेही सांगते. माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. तेलाची पिशवी कमी भरली की गावाची पहिली नजर आमच्या वस्तीकडे आणि वस्तीत आईकडे वळायची. ती नजर मी लहानपणी आईच्या पाठीमागे उभी राहून पाहिली आहे. मग नसीमआपांच्या जागी समोरच्या शिंदे वहिनी असत्या, तर मला ते उत्तर दोन मिनिटांत सापडलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तराच्या आधीच उठून काहीतरी आवरायला लागते.

उन्हाळा लागला. एका रविवारी सकाळी पिंजरे धूत होते. पिवळं दांडीवर बसलं होतं, पूर्वेचं ऊन सरळ तोंडावर. नाकपुड्यांभोवती पांढरी कडी होती. स्पष्ट. पट्टीचा गुलाबी रंग उतरून ती फिकट पांढरी झाली होती. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग मी नियम पाळला — आता पाळला. आठ दिवसांनी पुन्हा बघितलं, आणखी आठ दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी पट्टीला तपकिरी झाक आली होती. मादी. माझ्याच हिरव्या जोडीची, पहिल्या दिवसापासून तीच. कुणी काही बदललं नव्हतं.

तीन घरं. मोजून चाळीस पावलं असतील. त्या दिवशी मी चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले. समोर वहिनी दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठे निघाल्या? मी म्हटलं, कुठे नाही, आणि आत आले. मला कशाची भीती वाटली? आपा रागावतील याची नाही. गल्लीत कळेल, ग्रुपवर कळेल, लोक म्हणतील ताईंनाच नर-मादी ओळखता येत नाही — याची. एवढ्याशा गोष्टीची. उद्या सांगू, असं मी रोज म्हणत होते, आणि रोज उठून आधी त्या पक्ष्याच्या नाकाकडे बघत होते, कारण ती पट्टी दिवसेंदिवस गडद होत होती. ज्याला थोडंफार कळतं असं कुणी गॅलरीत आलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. मी गॅलरीला पडदा लावला. घरी येतो म्हणणाऱ्यांना, पक्ष्यांना आजार आहे, असं सांगितलं.

दिवाळीनंतर तिने पिंजऱ्याच्या तळाशी एक अंडं घातलं. ते मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. त्याच आठवड्यात सोनाळ्याच्या एका शिक्षकांना ती देऊन टाकली. लांब आहे, इथलं कुणी तिकडे जात नाही. त्यांना सांगितलं, मादी आहे. घरी येऊन वहीत लिहिलं — पिवळा, नर, दिला. कोण बघणार होतं ती वही? कुणीच नाही. तरी लिहिलं.

यानंतर मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी नसीमआपा माझ्या दारात आल्या. दीड वर्षात पहिल्यांदा. बारीक झाल्या होत्या. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबल्या.

"ताई, ते पिवळं पाखरू हाय का?"

मी म्हटलं, नाही, दिलं एकाला.

"नरच होता नं तो?"

विचारताना त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्या मला पकडायला आल्या नव्हत्या. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकणारी गावात मी एकटी होते.

"हो," मी म्हणाले. "नरच."

त्यांनी मान हलवली. मग हळू बोलल्या, "मंग माह्याच हातून झालं असन. त्या दिवसांत मले ताप होता, दोन दिवसांचं काहीच ध्यानात नाही. भावाले मी कसम घालून इचारलं, तो नाही म्हणते. तवापासून बोलणं बंद हाय त्याचं माह्याशी. पण पाखरू काही आपल्या मनानं बदलत नाही. माफ करजा ताई. लई दिवस झाले, म्हणायचं होतं."

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात होतं.

मी म्हटलं, "जाऊ द्या आपा. माह्या मनात काही नाही."

त्यांचे डोळे भरून आले. तुमचं मन मोठं आहे, असं काहीतरी म्हणाल्या. मी आतून पाणी आणलं, त्या उभ्याउभ्याच प्यायल्या. मग मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि समोर शिंदे वहिनी बघत होत्या म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.