दारातून आत लावलेली फरशी

फरशी तिरकी लावायची, हे मी कुणाला न विचारता ठरवूनच टाकलं होतं. नव्वदच्या दशकात बारामतीत बंगले उठत होते आणि ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये मोझॅकचे चौकोन कोपऱ्यावर उभे केल्यासारखे तिरके बसवलेले दिसत. मी शाळेत शिकवायचे, सांगवीतलं आमचं घर माझ्या पगारावर उभं राहत होतं, तेव्हा चालणार तर माझंच, असा माझा तोरा होता. वहीच्या पानावर मी सोप्याची, म्हणजे पुढच्या खोलीची, नक्षी आखूनही ठेवली होती.

आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर फरशी बसवत आले. भवानीनगर, कोऱ्हाळे, बारामती, कुठकुठल्या घरात त्यांच्या हातची फरशी आहे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता गुडघे गेले होते, उकिडवं बसता येईना. म्हणून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला मिस्त्री आम्ही बोलावला. आबा खुर्ची टाकून नुसते बघत.

माझा कागद त्यांनी लांब धरून पाहिला. "तिरकी तर तिरकी," म्हणाले. "पण लावायची दारातनं आत."

मिस्त्री हसला. "आबा, तुमीच शिकवलं न्हवं का, आतल्या भिंतीपासनं धरायचं आन् दाराकडं सरकत यायचं म्हणून? दारातनं धरलं तर माणूस आतच अडकंल की."

"अडकू दे."

ओल्या फरशीवर पाय देता येत नाही, म्हणून सगळेच मिस्त्री आतून बाहेर येत काम करतात. आमच्या मागच्या स्वयंपाकघरात शहाबादी आधीच बसली होती. तिथवर सरकता आलं असतं, पण त्याला बाहेरचं दार नव्हतं, नुसती खिडकी. मला वाटलं, म्हातारपणाचा हेका. माझा पारा चढला. "आबा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? लोक हसतील आपल्याला!" मिस्त्रीच्या देखत बोलले. त्याने मान खाली घातली आणि वाळू चाळत राहिला.

आबांनी माझा कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, "पोरी, दर घरात आतनं सुरू केलं आन् शेवटची फरशी उंबऱ्याला टेकवून भाईर पडलो. एकदा भाईर पडलो की पुन्ना आत कुणी बोलवलं न्हाय. वास्तुशांतीचं जेवाण मांडवाच्या कडंला. कोऱ्हाळ्यात एकदा माझा ओळंबा आतल्या खोलीत ऱ्हायला. आणाय गेलो, तर मालकीण म्हणली, तितंच थांब. आतनं आणला आन् अंगणात टाकला. ती फरशी माझ्याच हातची व्हती."

आवाज जरासुद्धा चढला नाही. आम्ही बौद्ध, असलं मी कधी ऐकलं नव्हतं अशातला भाग नाही. पण ते आबांच्या वाट्याला आलं होतं, आणि त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तरीही माफी मागायला जीभ रेटली नाही, हेही खरं.

"ह्या घरात काम संपंल तवा मला आत ऱ्हायचंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने उंबऱ्यापासून दोरी धरली. एकेक रांग पुढे जाईल तशी आबा खुर्ची मागे घेत गेले. दिवस कलताना शेवटचे कापलेले त्रिकोण स्वयंपाकघराच्या चौकटीला भिडले. खिडकीला अजून गज बसायचे होते. मिस्त्री तिथून उडी टाकून गेला. आबांच्या गुडघ्यांना ते जमलं नसतं, आणि जमलं असतं तरी ते गेले नसते. मी खिडकीतून भाकरी-पिठलं आणि अंथरूण आत दिलं. त्यांनी घेतलं.

सकाळपर्यंत फरशीखालचं सिमेंट धरलं होतं. मी पुढच्या दारात येऊन उभी राहिले. आबा स्वयंपाकघरातून निघाले, अनवाणी, भिंतीला हात लावत, सावकाश. सोप्याच्या मध्यावर येऊन थांबले. तिथून त्यांनी चारी भिंती पाहिल्या. फरशीकडे फारसं पाहिलंच नाही.

"आबा," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "चुकलं माझं. मी तसं बोलाय नको होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाईर उभं राहून काय बोलतीस," म्हणाले. "आत ये आधी."